सँ व्हॅलरीचा बिल्ला

"आणि सरदारसाहेबांना तोंडावर सांगितलंत, की त्यांच्या पणजोबांचा बिल्ला नकली आहे म्हणून?" संग्रहालयातल्या मदतनीस ऊनाने विचारलं.

"सांगितलं," फर्गस रॅटरी म्हणाला. "पणजोबा सरदार होते म्हणून पितळेचं वय वाढत नाही."

"तुम्ही स्वर्गाच्या दारातही संत पीटरच्या किल्ल्या उलट्या करून बघाल!"

किलमॉरनच्या पलटण-संग्रहालयात फर्गसचा शब्द शेवटचा. टोपीचा बिल्ला हातात घ्यायचा, उलटा करायचा, बोटाने कड चाचपायची आणि साल सांगायचं. कुणाची भीड नाही. याचा त्याला अभिमान होता आणि तो ते लपवतही नसे.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या सँ व्हॅलरीच्या लढाईत पडलेल्यांचं काचेचं कपाट रविवारी लोकांसाठी उघडायचं होतं. त्यातली मधली जागा अजून रिकामी होती. तिथे फर्गसला त्या दिवशी खरोखर कुणाच्या टोपीवर असलेला बिल्लाच हवा होता. तसा एकही मिळाला नव्हता.

दुपारी इशबेल गेडीस आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, खांद्यावर पलटणीच्या चौकड्यांची शाल. त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक बिल्ला टेबलावर ठेवला.

"माझे वडील, कॉर्पोरल अ‍ॅलिक गेडीस. चाळीस साली सँ व्हॅलरीला पडले. सोबत्याने त्यांचा बिल्ला कैदेत बुटात लपवून ठेवला आणि सुटल्यावर आईच्या हातात आणून दिला." त्यांनी बिल्ला फर्गसकडे सरकवला. "याचं साल सांगा. तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही, असं ऐकलंय."

फर्गसने भिंग लावलं. संत अँड्र्यू, भोवती काटेफुलांची वेल, वर मुकुट. मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या.

राजाच्या काळातला मुकुट वर फुगीर असे. हा राणीचा होता. सँ व्हॅलरीनंतर तेरा वर्षांनी आलेला.

त्याने भिंग खाली ठेवलं. "वडील आठवतात तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? पलटण निघाली तेव्हा पुलापर्यंत मला खांद्यावर घेऊन चालले. पुढे बॅगपाइप वाजत होते. सगळं गाव बघत होतं, आणि मी सगळ्यांत उंच!"

दारात उभ्या असलेल्या ऊनाने डोळे पुसले.

"अडतीस-एकोणचाळीस," फर्गस म्हणाला. "राजाच्या काळातला."

"नक्की?"

"नक्की."

"मग कपाटात लावाल?"

"अगदी मधोमध. मानाने लावीन, बाई."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने खोटं साल सांगितलं होतं, आणि तरी स्वतःचा इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता.

इशबेलबाई उठल्या. बिल्ला त्यांनी टेबलावरच राहू दिला.

"हा तुम्हीच ठेवा. पंचावन्न साली इनव्हर्नेसच्या दुकानातून मीच घेतला होता," पर्सची कळ लावत त्या म्हणाल्या. "वडिलांचा इथे आत आहे. तुमच्या हाती द्यायलाच आणला होता."