येतो

धरणात बुडालेल्या आमच्या गावाचा नकाशा मी वेबसाइटवर चढवत होते. एखाद्या घरावर क्लिक केलं की चौकटीत त्या घराची गोष्ट उघडायची. नत्थूकाकांच्या घरावर मी लिहिलं, ‘पाणी चढलं तरी काका निघाले नाहीत. सापडलेही नाहीत.’

पान पुन्हा उघडलं, तर चौकटीत एकच शब्द होता. ‘येतो.’

खोडला, तर मेला परत आला. सगळा कोड चाळला. त्यात हा शब्द कुठेच नव्हता. वैतागून मी काकांचं घरच नकाशातून काढून टाकलं. नुसत्या निळ्या पाण्यावर चौकट तशीच उघडी राहिली.

काकू, देवकाबाई, माझ्या पाठीमागे बसून सुपात डाळ निवडत होत्या. नालवाडीत, धरणानंतर मिळालेल्या आमच्या नव्या गावात, भर दुपार होती.

“काकू, तुम्ही गाव सोडलं तवा काका काय म्हनले होते?”

“‘तुमी व्हा समोर, मी येतो,’ असंच म्हनले.” त्यांनी मान वर केली नाही. “काऊन?”

मी काही बोलायच्या आत चौकटीतला शब्द बदलला. मी तो मोठ्याने वाचला.

“आलो.”

काकूंनी सूप खाली ठेवलं.

“दारातली पाय धुवाची बाल्टी अंदर घे,” त्या म्हणाल्या. “त्यायले आता पानी नको.”