हे कधीही करू नका

"त्या पानावरचं उदाहरण आजच्या आज काढा. माझी बदनामी होतेय."

वेबसाइटवर आलेल्या जाहीर तक्रारीखाली पेठकरांचं नाव वाचून शलाका खुर्चीत ताठ झाली. तीन वर्षांपूर्वी तिच्या या साहेबांनी एका चुकीच्या कमांडने कंपनीचा अख्खा डेटा पुसला होता आणि भर मीटिंगमध्ये तिच्यावर खापर फोडून तिला घरी बसवलं होतं.

घरी बसून तिने एक काम केलं. कंपनी वापरायची त्याच मोफत सॉफ्टवेअरची माहिती देणारी वेबसाइट सांभाळायला घेतली आणि 'हे कधीही करू नका' या पानावर साहेबांची कमांड जशीच्या तशी टाकली. नाव नाही, गाव नाही. मग दातओठ खात वाट बघत राहिली.

आता तिने तक्रारीखालीच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं, "नमस्कार सर. उदाहरणात कोणाचंच नाव नाही. ती कमांड तुम्ही चालवली होती का?"

पेठकर आपली तक्रार पुसायला धावले. जुन्या ऑफिसातले लोक मात्र एकेक करून ते वाचायला येऊ लागले. त्या वेबसाइटवर केलेली तक्रार करणाऱ्याला स्वतः काढता येत नसे. या वेळी पुसायला साहेबांकडे कमांड नव्हती.