ओले कोपरे

काकांनी एकतीस वर्षं झिजून शहरातल्या बुजवलेल्या विहिरींचा इतिहास लिहिला. ते गेले, आणि त्यांचा मित्र म्हणवणाऱ्या हलकट प्राध्यापकानं 'जरा बघून देतो' म्हणत वह्या नेल्या आणि स्वतःच्या नावावर छापल्या. शेवटच्या, आभाराच्या पानावर टायपिस्टसुद्धा आहे. काका नाहीत.

पुस्तक मी टेबलावर आपटलं. दुसऱ्या सकाळी पहिल्या चाळीस पानांचे कोपरे ओले होते.

काका थुंकी लावून पानं उलटायचे. "अहो, शी!" काकू ओरडायची.

ओल रोज पुढे सरकू लागली.

"वाचू दे त्यांना," काकू म्हणाली. "पुस्तकात लबाडी सापडली की काय करायचे, आठवतं ना?"

आठवत होतं. शेवटपर्यंत वाचून, पुस्तक मिटून ते तडक लेखकाच्या घरात शिरायचे. दारही वाजवायचे नाहीत.

आज दुपारी आभाराचं पान आमच्या डोळ्यांदेखत भिजलं. पुस्तक मिटलं.

मी प्राध्यापकाला फोन लावला. सावध करायला नव्हे, मला ऐकायचं होतं.

"परत तूच? पुरावा आहे का तुझ्याकडे, पोरी?" तो खेकसला. मग त्याचा आवाज फोनपासून लांब वळला.

"तुम्ही? पण दाराला आतून कडी आहे."