कनातीआडचं हसू

भुजंगनं तिकिटं काढली ती सिनेमासाठी नव्हे, बायकोला पकडण्यासाठी.

मागच्या बाजारी झुंबरबाई माहेरी, केदारखेड्याला गेली होती. निदान सांगून तरी तसंच गेली होती. पण त्या दिवशी ती इथं भोकरदनलाच, ह्याच सिनेमाच्या तंबूत बसली होती, अशी खबर त्याच्या कानावर आली होती. बाईमाणूस खोटं बोलून सिनेमाला जातं, ते काय एकटं? संशयानं त्याचं डोकं पोखरून निघालं होतं. खरं निघालं तर तिला कायमची माहेरी सोडायची, हे त्यानं पक्कं केलं होतं.

आधी दोघं साळूबाईच्या खानावळीत जेवले. भुजंग बाजाराला आला की तिथंच जेवायचा. त्याला लसणाची चटणी लागते, हे तिला सांगावं लागत नसे. झुंबरच्या भाकरीवर तिनं तुपाची धार सढळ हातानं सोडली.

"वहिनी पयल्यांदाच आल्या," ती म्हणाली. "मी पन येते सोबतीला."

तंबूत मधोमध जाड कनात होती. बायांचं दारही वेगळं. पुरुषानं पलीकडं नुसतं डोकावलं, तरी पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाचा जवान काठी उगारायचा.

चित्र मोठं हसवणारं होतं. सावकारानं ठेवलेली बाई कणगीत लपलेली, अन् बायको नेमकी त्याच कणगीतली ज्वारी काढायला निघालेली. पुरुष खो-खो हसत होते. भुजंग मात्र कान टवकारून बसला होता. कणगीचं झाकण हलायच्या आधीच पलीकडून झुंबरचं हसू आलं. म्हणजे हिनं हे आधी पाहिलंय!

मुक्काम खानावळीतच पडला. सकाळी त्यानं गाडी जुंपली आणि धावड्याची, घरची वाट सोडून बैल केदारखेड्याकडं वळवले.

"घर तिकडं हाय," झुंबर म्हणाली.

"माझं तिकडं. तुझं इकडं. मागल्या बाजारी तू तंबूत आल्ती. न्हाई म्हनू नको. एकानं डोळ्यानं पाह्यलं तुला."

"आल्ते."

इतक्या सहज कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं कासरा खेचला.

"कुनासंगं?"

"एकलीच. तुमच्यावर नजर ठिवायला." तिनं पदर सारखा केला. "पयलाच खेळ व्हता तो. गावच्या बाया भेऊन आल्याच न्हाईत. कनातीआड आमी दोघीच बसल्तो. मी, अन् तुमची साळूबाई."