कॉम्प्युटरची खरखर

घर्रर्र... खट.

सुनेने हेडफोन काढून टेबलावर आपटले. सकाळपासून ही पाचवी खेप. भूगोलाचा धडा कितीही नीट वाचा, दुसऱ्या पानावर वारे वाहू लागले की कॉम्प्युटरच्या डब्याला कंठ फुटलाच. ज्या अंध मुलीसाठी ती हा धडा रेकॉर्ड करत होती, तिची परीक्षा परवावर आली होती. मागच्या धड्यानंतर मुलीने फोनवर चाचरत सांगितलं होतं, "ताई, मागे गिरणी चालल्यासारखं वाटतं हो. शब्द पुसले जातात." हा धडा संध्याकाळपर्यंत स्वच्छ जायलाच हवा होता आणि उन्हं तर कधीच कलली होती.

तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. मनात होतं नव्हतं ते सगळं तिने बोलून घेतलं. दुष्काळात तेरावा महिना तसे नेमके तेव्हाच सासरे दारात येऊन उभे राहिले. त्यांच्याकडे बघून हसत तिने उरलेलं वाक्य पुरं केलं आणि मग रेकॉर्डिंग बंद केलं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. अकरा वर्षांपूर्वी ती या घरात आली, त्याच्या आधीच त्यांच्या कानांचे पडदे फाटलेले. त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. त्यामुळे घरादाराची एक सोय झाली होती. कुणाला काही बोलायचं असलं की त्यांच्या देखतच बोलून मोकळं व्हायचं. सून त्यात सगळ्यांत तरबेज. हसतमुखाने ताट पुढे ठेवता ठेवता ती त्यांना वाट्टेल ते बोलायची, आणि ते मान हलवून जेवायला लागायचे.

"काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

तिने आधी कानाकडे, मग डब्याकडे बोट दाखवलं. "बहिऱ्यापुढे आवाजाची तक्रार! कर्म माझं!" हेही हसतच.

दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला होता. तो आला की कॉम्प्युटर अगदी गरीब गाय. पहिल्यांदा त्याने धूळ उडवली, दुसऱ्यांदा पंखा बदलला. तो जिना उतरतो न उतरतो तोच वर पुन्हा घर्रर्र... खट. मग तिने स्वतः डब्याखाली टॉवेल घातला, वर जाडजूड शब्दकोश ठेवला, शेवटी एक चापटही ठेवून दिली. त्याने काही फरक पडला नाही, हात तेवढा दुखला.

सासरे आत गेले आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. डब्याचं झाकण काढून ते जमिनीवर बसले. चालू कॉम्प्युटरच्या पंख्याच्या चौकटीला त्यांनी टोक टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. डोळे मिटले.

"पंखा चांगला आहे." टोक पुढे सरकलं. "हेही ठीक." ती घड्याळाकडे बघत मागे उभी. "कान गेले म्हणून काय झालं? हाड ऐकतं ना," ते म्हणाले.

हार्ड डिस्कपाशी ते थांबले. तिच्यावर बोट दाबलं तर आवाज बंद. बोट काढलं, घर्रर्र.

"सापडला! बंद कर मशीन. अगं, चार स्क्रूंच्या जागी एकच आहे. बाकीचे तुझ्या दुरुस्तीवाल्याने गिळले की काय?"

त्यांनी झाकणाच्या चार स्क्रूंतले दोन डिस्कला पिळले. "झाकणाला दोन पुष्कळ झाले. ते कुठे पळून जातंय!"

कॉम्प्युटर सुरू झाला. चिडीचूप. तिने दोन ओळी रेकॉर्ड करून ऐकल्या. स्वच्छ! तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "बाबा, कमाल केलीत तुम्ही!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"थांब. एवढ्यात काम झालं म्हणायचं नाही. जुना आवाज आणि नवा आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकायचे, मग खात्री. मघाचं काहीतरी लाव." त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या लाकडी खोक्याला टेकवलं, मूठ हाडाला लावली.

आनंदाच्या भरात तिने पाचवी खेप लावली आणि पुस्तकात पान शोधू लागली. "वारे जास्त दाबाच्या प्रदेशाकडून कमी दाबाच्या प्रदेशाकडे..." मागे घर्रर्र... खट.

"हाच तो," सासरे खुशीत म्हणाले. त्यांनी टोक तसंच राहू दिलं.

हेडफोन आपटल्याचा आवाज आला. त्यामागून तिचाच, खणखणीत.

"एक हे खोकं आणि एक तो म्हातारा! याची खरखर थांबत नाही, त्याचा खोकला थांबत नाही. कधी सुटायची मी या दोघांतून? एकदाचे डोळे मिटेल तर मोकळा श्वास तरी घेईन!"

पुस्तक टाकून ती माउसकडे झेपावली. तोवर रेकॉर्डिंग आपलं आपणच संपलं होतं.

सासऱ्यांनी मूठ कानामागून काढली. टोक सदऱ्याला पुसलं. झाकण बसवून दोन स्क्रू सावकाश, शेवटच्या फेऱ्यापर्यंत आवळले.

"तुझा आवाज असा आहे होय," ते उठत म्हणाले. "अकरा वर्षं मी मनात वेगळाच धरून चाललो होतो."

जाताना त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं, तिला रेकॉर्डिंग करायचं होतं म्हणून.

ती माइकसमोर बसली. पान उघडंच होतं. कॉम्प्युटर अगदी गप्प होता, आणि वारे कुठून कुठे वाहतात ते काही केल्या तिच्या तोंडून निघेना.