धुऱ्यापलीकडे

वेणा नदीकाठची दौलतरावांची भाजीची वाडी नगरपरिषदेनं मागितली. तिथं झाडं लावायची होती, लोकांना नदीपर्यंत वाट द्यायची होती. शेजारचे वाडीवाले वकील शोधत असताना दौलतराव पहिल्याच दिवशी सही करून मोकळे झाले. त्यांची बायको उज्वला त्यांच्याशी महिनाभर धड बोलली नाही.

वर्षभरानं, गोकुळाष्टमीचा मातीचा कानोबा नदीत शिरवायच्या, विसर्जनाच्या दिवशी, त्या नव्या वाटेवर बायांची रीघ लागली. सगळ्यांच्या मागून उज्वलाची नणंद गोपिका डोक्यावर कानोबाचा पाट घेऊन आली आणि वाडीच्या जुन्या धुऱ्यापाशी, बांधाच्या अलीकडेच थबकली.

“ये न वो बाई,” दौलतराव म्हणाले.

“दादा, वाटणीच्या भांडणात तू देवासमोर शपथ घेतली होती. तुह्या जमिनीवर मले पाय ठेवू देनार नाई म्हणून.”

“शपथ म्या अजूनही मोडली नाई.” बारा वर्षांनी दौलतरावांनी बहिणीच्या डोक्यावरचा पाट उतरवून घेतला. “जमीनच आता माही नाई.”