मोठी बटणं

"बाबा, लग्नाचं दाबा ना. समोरच तर आहे," सौरव म्हणाला.

मनोहररावांचं बोट नव्या मशीनच्या काचेवर टेकलं आणि वास्तुपूजनाची पत्रिका उघडली. काउंटरपलीकडे रामटेकहून आलेला मुकुंद चुळबुळत उभा होता. बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि पत्रिकेचा अजून पत्ता नव्हता.

गांधीबागेतल्या या दुकानात मनोहररावांनी छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून पत्रिका केल्या होत्या. पुढे कॉम्प्युटर आला, तोही त्यांनी एकट्यानं शिकून घेतला. नवं मशीन मात्र त्यांच्या सुनेची, हिमानीची निवड होती. ठसठशीत अक्षरांचे रंगीत चौकोन, बोट लावलं की काम झालं. ज्याला मोबाइल चालवता येतो त्याला हे आलंच, असं ती आठवडाभर घरी सांगत होती. सकाळी लवकर येऊन तिनं ते जुन्याच्या शेजारी मांडलं. बोर्डात जागा नव्हती म्हणून घाईत एक जुना प्लग उपसून नव्याची सोयही केली.

सौरवनं आदल्या रात्री जेवताना सांगून टाकलं होतं. नव्यावर एक पत्रिका जमली तर खुर्ची बाबांची. नाही जमली तर सोमवारपासून त्यांनी प्रताप नगरला घरी आराम करायचा. आराम हा शब्द त्यानं प्रेमानंच वापरला, म्हणून तर तो मनोहररावांना जास्त झोंबला. त्या रात्री त्यांनी भाताला हातसुद्धा लावला नव्हता.

"मघाशी लग्न इथंच होतं गा," मनोहरराव म्हणाले. "हे चौकोन जागा बदलून राहिले."

"जे जास्त लागते ते आपोआप वर येते, बाबा," हिमानी म्हणाली. "सोपं व्हावं म्हणून."

"कोणाले सोपं? काचेवर बोटाले काही लागतच नाही."

त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. या वेळी मुंज उघडली.

"एवढं मोठं अक्षर आहे, लहान लेकरू बी दाबन," सौरवचा आवाज चढला. "काहून असे करून राहिले तुम्ही?"

म्हातारा हट्टानं चुकीचं दाबतोय, अशी हिमानीची खात्रीच झाली. गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून फर्स्टक्लास दिसतंय असं ते ज्याला त्याला ऐकवत. मग हे नाटक कशाला? तिला रागच आला. गिऱ्हाइकासमोर आपलं हसं करायचं त्यांनी ठरवलंच असणार.

"भाऊ, तुमचं घरचं मंग पाहा," मुकुंद म्हणाला. "माही बस निघून जाईन. नाही तर मी दुसरीकडं जातो."

त्यानं कागदाची घडी खिशात घातली. सौरवनं हात कपाळाला लावला. मनोहरराव टेबलाच्या कडेवर हात ठेवून उठले आणि शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले.

"मले एक डाव याच्यावर करू दे," ते म्हणाले. "मंग तू म्हणशील तसं."

सौरव चिडून काउंटरबाहेर मुकुंदजवळ जाऊन उभा राहिला. हिमानी पलीकडे प्रिंटरपाशी थांबली. तिथून तिला मॉनिटरची पाठ आणि सासऱ्यांचा चेहरा तेवढा दिसत होता.

मनोहररावांनी टेबलाखाली हात घालून बटण दाबलं. जुना डबा घरघरू लागला. मग वर्षानुवर्षांच्या सवयीच्या चार-पाच कळा दाबून त्यांनी पत्रिका उघडली.

"सांगा, मुकुंदभाऊ."

मुकुंदनं कागद पुढे केला. तो त्यांनी नेहमीप्रमाणेच हातात घेतला नाही. या दुकानाची ती रीतच होती. मजकूर तोंडानं सांगायचा, कारण कागदावर हमखास एखादा मामा राहून जातो. छापून आलेला नमुनाही गिऱ्हाइकानंच मोठ्यानं वाचायचा, म्हणजे मागाहून भांडण नको. गेली दोन-तीन वर्षं मनोहरराव ही रीत फारच कडक पाळत.

मुकुंद सांगू लागला. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन्हीकडचे आजोबा, आणि खरोखरच कागदावर राहिलेला एक मामा. मनोहररावांनी एकदाही खाली पाहिलं नाही. नजर समोर, मान ताठ, बोटं मात्र कळांवर पाऊस पडावा तशी चाललेली.

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. हिमानीनं तो मुकुंदच्या हातात दिला. तो मोठ्यानं वाचत गेला. थेट शेवटच्या "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" या ओळीपर्यंत. कुठे काना चुकला नव्हता की मात्रा.

"एक नंबर," मुकुंद म्हणाला. "छापून टाका." आणि तो बस गाठायला पळाला.

सौरवनं नमुना पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

"बरं, बाबा," तो शेवटी म्हणाला. "खुर्ची तुमचीच. नवं मशीन वापस करून देऊ. त्या काचेत काही दम नाही." आणि तो नमुना घेऊन मागच्या खोलीत छपाईला गेला.

हिमानीला हरल्यासारखं वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही. म्हाताऱ्याला नावं ठेवली याची लाज वाटत होती. ती काउंटरला वळसा घालून आत आली. मनोहरराव चष्मा वर करून डोळे चोळत होते.

"हिमानी, तो कॉम्प्युटरचा पडदा बंद कर वं," ते म्हणाले. "उजेडानं डोळे दुखून राहिले."

तिनं मॉनिटरकडे पाहिलं. तो काळाकुट्ट होता. सकाळी तिनंच उपसलेला त्याचा प्लग बोर्डाखाली लोंबत होता. मनोहरराव त्या काळ्या काचेकडे डोळे बारीक करून बघत होते.

"झालं का तिकडचं?" मागच्या खोलीतून सौरवनं विचारलं.

हिमानीनं बंद मॉनिटरचं बटण दाबलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "केला, बाबा."